फुंकवाद्यांच्या बँडवर 'फिनलांडिया': गर्जना जमते, प्रार्थना अडते

रशियाचं साम्राज्य कोसळलं आणि फिनलंड हे राष्ट्र जन्मलं, अशी ओळख करून देत बँडच्या कार्यक्रमात फिनिश संगीतकार सिबेलियसचं 'फिनलांडिया' हमखास लावतात. ओळखीत घोळ आहे. मूळ संगीत वाजलं 4 नोव्हेंबर 1899 ला, हेलसिंकीत, वृत्तपत्रांच्या नावाखाली भरवलेल्या उत्सवात. त्याच वर्षी फेब्रुवारीत रशियाचा झार निकोलस दुसरा याने फर्मान काढून फिनलंडची स्वायत्तता आवळायला घेतली होती. फिनलंडने स्वातंत्र्य जाहीर केलं 6 डिसेंबर 1917 ला. म्हणजे कोसळण्याच्या अठरा वर्षं आधीचं हे संगीत. त्यात विजय नाही, घुसमट आहे. विजयाचा गुलाल उधळायच्या बेताने वाजवलं की पहिल्या मिनिटातच बिघडतं.

सुरुवात बँडला आयती मिळते. मूळ वाद्यवृंदातही ती पितळी वाद्यांचीच: हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा आणि खाली टिंपनीची (सुरात लावलेल्या मोठ्या नगाऱ्यांची) घरघर. प्रत्येक स्वरसमूह आवाजात फुगत जातो. बहुतेक बँड पहिल्याच ठोक्याला पूर्ण जोर लावतात, मग फुगायला जागा उरत नाही. फुगवटा शेवटच्या मात्रेसाठी राखा. वरच्या ट्रॉम्बोनना मागे ठेवून बास ट्रॉम्बोन आणि ट्युबा यांना पुढे येऊ द्या. आवाज खालून भरला तर दडपण वाटतं, वरून भरला तर नुसता कर्कश होतो.

पुढच्या जलद भागात अडचण तंतुवाद्यांच्या पळत्या ओळींची. त्या क्लॅरिनेटकडे येतात. तिसऱ्या क्लॅरिनेटची फळी कच्ची असेल तर जीभ अडखळते आणि चिखल होतो. लय थोडी कमी ठेवा, पण पितळी वाद्यांचा ठेका तुटक आणि टोकदार हवा. ट्युबाचे सूर लांबले की सगळा बँड ओढल्यासारखा वाटतो. झांजा आणि मोठा ढोल हात राखून. ट्रँगल मात्र ऐकू आलाच पाहिजे, तो सहज बुडतो.

खरी परीक्षा मधल्या संथ गीताची. ते लोकगीत आहे असा समज पक्का आहे, पण धून सिबेलियसचीच. तिला आज गातात ते फिनिश कवी कोस्केन्निएमीचे शब्द 1940 च्या सुमारासचे. मूळ रचनेत गीत आधी लाकडी फुंकवाद्यांवर येतं, मग तंतुवाद्यांवर. तो रंगबदल हाच त्याचा जीव. बँडमध्ये दोन्ही वेळा तीच फुंकवाद्यं, म्हणून दुसऱ्यांदा अर्थच राहत नाही. बँडसाठीच्या चांगल्या मांडणीत पहिल्या वेळी दर भागाला एकच वादक असतो, दुसऱ्या वेळी क्लॅरिनेटचा पूर्ण ताफा येतो. सॅक्सोफोन दोन्ही वेळा धूनेवर चढवलेले दिसले तर ती प्रत परत ठेवा. तंतूंची थरथर क्लॅरिनेटच्या ट्रिलवर (दोन शेजारच्या सुरांच्या झपाट्याच्या अदलाबदलीवर) दिलेली असेल तर तीही घाबरट ऐकू येते; आळीपाळीने श्वास घेऊन धरलेले लांब सूर बरे.

गीताची ओळ पहिल्या मात्रेला विश्रांती घेऊन दुसरीवर उठते. ती विश्रांती श्वासासाठी आहे, पण घाईत गिळली जाते. पहिल्या ओळी जेमतेम चार स्वरांच्या पट्ट्यात फिरतात, त्यामुळे सूर जरा हलला तरी लपत नाही. पहिला टिकणारा सूर कोमल 'डी' (डी फ्लॅट), आणि फ्लूटवर तो मधल्या सप्तकात जवळजवळ सगळ्या कळा उघड्या ठेवून निघतो, म्हणून चढा लागतो. फ्लूटवाल्यांनी फुंक किंचित खाली झुकवावी. तालमीत हा एक सूर वेगळा काढून ओबोशी जुळवला की निम्मं काम झालं.

बँडसाठीची प्रत विकत घेताना गीताची मूळ पट्टी शाबूत आहे का ते पाहा. 'ए फ्लॅट मेजर' बँडला फार सोयीची: बी फ्लॅट वाद्यांच्या कागदावर दोन फ्लॅटच्या (कोमल सुरांच्या) खुणा, अल्टो सॅक्सला एक, एफ हॉर्नला तीन. काही सोप्या प्रतींत सुरुवात कापलेली असते. दडपणच नाही तर गीताने उत्तर द्यायचं कशाला? अशी प्रत नवशिक्यांनाही देऊ नये. अवधी सातपासून नऊ मिनिटं. सातच्या आत आटोपलं तर गीत धावलं असं समजा.

स्वतः मांडणी करणाऱ्यांनी हक्कांकडेही लक्ष द्यावं. सिबेलियस 1957 मध्ये वारला, तेव्हा मृत्यूनंतर सत्तर वर्षांचा नियम असलेल्या देशांत 2027 संपेपर्यंत परवानगी लागते.