एका सामन्याचे काउंटी क्रिकेटपटू आणि क्रिकेटआर्काइव्ह

जुन्या क्रिकेटपटूंची माहिती देणाऱ्या संकेतस्थळांमध्ये क्रिकेटआर्काइव्हचा दबदबा मोठा असला, तरी ते वर्गणी भरून वापरावे लागते. म्हणून त्याची पारख डब्ल्यू. जी. ग्रेस या विख्यात इंग्लिश क्रिकेटपटूसारख्या सर्वपरिचित नावावर न करता डॉ. मेहेल्लाशा पावरी यांच्यासारख्या नावावर करावी, असे माझे मत आहे. नवसारीत १८६६ साली जन्मलेले आणि मुंबईच्या पारशी संघाचे वेगवान गोलंदाज असलेले पावरी १८९५ मध्ये मिडलसेक्स या इंग्लंडमधील काउंटी (परगणा) संघाकडून खेळले, तेही केवळ एका सामन्यात. काउंटी क्रिकेटमधील त्यांची कारकीर्द तेवढ्यावरच आटोपली.

एखाद्या सर्वसाधारण संकेतस्थळावर प्रथम श्रेणीचा, म्हणजे वरच्या दर्जाच्या अधिकृत सामन्यांचा, तक्ता पाहून पावरींची थोरवी कळणार नाही. १८८८ मध्ये पारशी संघाच्या दुसऱ्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११.६६ च्या सरासरीने १७० बळी घेतले होते, परंतु त्या दौऱ्यातील सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या दौऱ्यात २८ पैकी एकच सामना जिंकलेल्या पारश्यांनी या खेपेस ३१ पैकी आठ जिंकले, आणि या सुधारणेत पावरींचा वाटा फार मोठा होता. जानेवारी १८९० मध्ये बॉम्बे जिमखान्यावर जी. एफ. व्हर्नन यांच्या दौऱ्यावर आलेल्या इंग्लिश संघाला पारश्यांनी चार गडी राखून हरवले. दुसऱ्या डावात ३४ धावांत ७ बळी घेऊन पावरींनी तो सामना फिरवला होता. अधिकृत आकडेवारीत या कामगिरीलाही जागा नाही.

क्रिकेटआर्काइव्हची रचना येथे उपयोगी पडते. खेळाडूच्या पानावर संघ आणि वर्षे दिलेली असतात, प्रथम श्रेणीच्या सामन्यांची यादी वेगळी असते, आणि त्या दर्जाबाहेरच्या सामन्यांसाठीही स्वतंत्र वर्ग ठेवलेला असतो. त्यामुळे ‘मिडलसेक्स, १८९५’ ही नोंद वाचून हा कोणी हौशी पाहुणा असावा, असा जो समज होतो, तो बाकीच्या याद्या चाळल्यावर टिकत नाही. माझ्या मते वर्गणीचे खरे मोल प्रथम श्रेणीबाहेरच्या सामन्यांच्या या वर्गात आहे. केवळ कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांचे आकडे हवे असतील, तर पैसे भरण्याचे कारण नाही. ते अन्यत्र फुकट मिळतात.

उणिवाही आहेत. पानांची मांडणी जुन्या वळणाची असून सगळा मजकूर इंग्रजीत आहे. पारशी नावांची रोमन स्पेलिंगे त्या काळी एकसारखी नसत, त्यामुळे शोध घेताना पूर्ण नावापेक्षा आडनावावर भर देणे श्रेयस्कर. याहून मोठी उणीव म्हणजे धावफलकापलीकडे काही कळत नाही: पेशाने डॉक्टर असलेला हा दाढीवाला गृहस्थ भारताचा डब्ल्यू. जी. ग्रेस म्हणून का ओळखला जाई, हे आकड्यांच्या रकान्यांत सापडणार नाही. त्यासाठी पावरींनी स्वतः १९०१ मध्ये पारशी क्रिकेटवर लिहिलेल्या पुस्तकाकडेच वळावे लागते.