टोमॅटोला जीवामृत की शेवाळ अर्क?

जीवामृत घरचंच. 200 लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरून त्यात 10 किलो ताजं शेण, 10 लिटर गोमूत्र, 2-2 किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. दोन दिवसांत फेस धरतो, आंबूस वास सुटतो. एवढं एकराला पाण्यासोबत सोडायचं. खर्च काय तो गूळ-बेसनाचा. पण ठिबकमधून देणार असाल तर आधी फडक्याने दोनदा गाळा. आम्ही एकदा कंटाळा केला नि दोन दिवस ड्रिपर सुईने टोकरत बसलो.

शेवाळ अर्क बाटलीतून येतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवलेल्या कॅपाफायकस या समुद्री शेवाळाचा रस. त्यात ऑक्सिन, सायटोकायनिन ही झाडाची वाढ घडवणारी संप्रेरकं आणि पालाश. लिटरला 2-3 मिली, फुलकळी लागताना फवारायचा. 2021 पासून अशी जैवउत्तेजकं, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी उत्पादनं, खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझा कल? जमीन हलकी आणि गोठ्यात गाय असेल तर जीवामृतच. गाय नसताना शेण विकत आणून हा उद्योग मात्र नको. शेणखताची जागा दोन्हींपैकी एकही घेत नाही. ऐन फुलोऱ्यात ऊन तापलं तर बाटली काढावी, तीही सकाळी नऊच्या आत.