मातीचे तळे की नळाचे हौद?

अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या आग्नेयेस, हार्नी काउंटीच्या उंच, कोरड्या पठारावर पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम 250 ते 300 मिलिमीटर पाणी पडते. त्यामुळे गुरांसाठी ते कुठे साठवले जाते, यावरच कुरण कुठे चरले जाणार हे ठरते.

ओघळीला मातीचा बांध घालून केलेले तळे स्वस्त पडते आणि त्याला पंप लागत नाही. मात्र बर्फ वितळून भरलेले हे उथळ पाणी उन्हावाऱ्याने झपाट्याने आटते, तळाशी गाळ साचतो आणि काठचे गवत खुरांखाली तुडवले जाते.

विंधन विहिरीवर सौरपंप बसवून टाकीतून दूरवरच्या हौदांना नळाने पाणी देणे खर्चिक आहे, शिवाय थंडीत नळ गोठतात. तरीही मला हाच पर्याय उजवा वाटतो. कारण पाण्यापासून दीड-दोन किलोमीटरपलीकडे गुरे सहसा फारशी चरत नाहीत, आणि एका हौदाचा कॉक बंद करून दुसऱ्याचा उघडला, की कळप बराचसा आपणहून तिकडे वळतो. हौदात पडलेले पक्षी बुडू नयेत म्हणून आत जाळीची उतरण बसवावी लागते. हे काम फुटकळ दिसते, पण टाळल्यास पाणी नासते.

केवळ वसंतातच चराई होत असेल, तर तळे पुरेसे आहे.