कॉन्टेसाचं रीबिल्ट इंजिन, अल्युमिनियम रेडिएटर आणि सोलापूरचा मे महिना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी कॉन्टेसा क्लासिक, इंजिन १८१७ सीसी इसुझू पेट्रोल, बोअर (सिलिंडरचा व्यास) अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ, एसी चालू. डिसेंबरमध्ये बसवलेला माल असा: दोन ओळींचा अल्युमिनियम रेडिएटर, मागून हवा ओढणारा १६ इंची इलेक्ट्रिक फॅन, ८२ अंशांचा थर्मोस्टॅट, ०.९ बार दाबाची रेडिएटर कॅप, नवा वॉटर पंप आणि होज पाइप.

रेडिएटरला दहापैकी सात. फॅनला काउलशिवाय (फॅनभोवतीच्या पत्र्याच्या आवरणाशिवाय) तीन, काउलसकट नऊ.

हा फरक जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीतच दिसला. होम मैदानाजवळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वीस मिनिटं रांगताना तापमानाचा काटा १०२ पर्यंत चढला. तेव्हा बाहेर थंडी होती. फॅन नुसता रेडिएटरच्या जाळीला आवळलेला होता. त्यामुळे पात्यांसमोरच्या गोलातूनच हवा जायची, चारही कोपरे कोरडे. पत्र्याचं काउल करून जाळीची पूर्ण रुंदी झाकली आणि पातं जाळीपासून साधारण दोन इंच मागे घेतलं. मे महिन्यात ४३ अंशांत, भर दुपारी, सात रस्त्याला एसी लावून उभं राहिलं तरी काटा ९६ वर थांबतो. तुळजापूरच्या घाटात ९२, पुणे रोडला ८५ च्या आसपास. हवा किती ओढली जाते हे पाहायला वर्तमानपत्राचं एक पान पुरतं. गाडी उभी, फॅन चालू. जाळीसमोर धरलेलं पान कोपऱ्यातसुद्धा चिकटलं पाहिजे. उडालं तर फॅनच्या वायरी उलट जोडल्यात.

फॅनची वायरिंग हलक्यात घेऊ नका. सुरू होताना तो चालू असतानाच्या दुप्पट करंट खातो, म्हणून ४० अँपिअरचा रिले, ३० चा फ्यूज, ४ स्क्वेअर एमएमची वायर, सप्लाय थेट बॅटरीवरून. स्विच ९२ ला चालू, ८७ ला बंद. जुना अल्टरनेटर असेल तर रात्री हेडलाइट, एसी आणि फॅन एकदम चालू झाल्यावर आयडलला चार्जिंग पुरत नाही. ते आधी तपासा, मग फॅन घ्या.

रेडिएटरचे तीन गुण गेले ते टाकीच्या सांध्यापायी. तिसऱ्या महिन्यात खालच्या कोपऱ्यात हिरवट ओल दिसू लागली. एक कारण म्हणजे ब्रॅकेट थेट चासीला आवळलेलं, मध्ये रबर बुश नाही. दुसरं कारण जास्त बेरकी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल वायरचं टोक धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवलं. फॅन बंद असताना ०.०५, चालू केला की ०.४. म्हणजे फॅनची अर्थिंग नीट नव्हती आणि करंट पाण्यातून परतत होता. असा करंट अल्युमिनियमला सुईसारखी भोकं पाडतो. इंजिन ते बॉडी नवी अर्थ पट्टी आणि फॅनची काळी वायर थेट बॅटरीला, एवढ्यानं आकडा ०.०६ वर आला. ०.१ च्या आत असेल तर ठीक. ही तपासणी रेडिएटर बसवायच्या दिवशीच करायची असते. तांब्या-पितळेचा रेडिएटर असता तर मोहोळ-टेंभुर्णीतही कोणी डाग देऊन दिला असता. अल्युमिनियमला चांगला टिग वेल्डर (आर्गॉन वेल्डिंगवाला) शोधावा लागतो. गाडी महिन्यातून दोनदाच काढायची असेल, तर जुन्या पितळी टाक्या ठेवून नवा कोर (मधली जाळी) भरून घेणंच बरं.

रेडिएटरला पाणी बोअरवेलचं नको, नळाचंही नको. इथल्या क्षारांचा पांढरा थर आधी मागच्या सिलिंडरभोवती बसतो. डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) दोन भाग, कूलंट एक भाग; सहा लिटर मावत असेल तर चारास दोन. निम्मं-निम्मं घालायची सोलापुरात गरज नाही. पाणी गोठणार नाही आणि उष्णता वाहून न्यायला पाणीच सरस. मात्र कूलंट एक तृतीयांशाच्या खाली गेलं की गंज धरतो, कारण ब्लॉक बिडाचा आणि हेड अल्युमिनियमचं.

इंजिनाचा ब्लॉक बोअरिंगला टाकतानाच वॉटर प्लग काढून आतला गाळ खरवडून घ्या. तरीही वरच्या होजच्या तोंडाशी, रेडिएटरच्या बाजूला, नायलॉनच्या मोज्याचा तुकडा बसवावा. तीनशे किलोमीटरनंतर काढला तेव्हा त्यात चमचाभर गंज, पापुद्रे आणि गॅस्केट सीलंटची एक लांब शेपटी निघाली. ती शेपटी जाळीच्या नळीत गेली असती तर दोष रेडिएटरच्या नावावर पडला असता.

नव्या पिस्टन रिंगांमुळे पहिले हजारेक किलोमीटर इंजिन थोडं गरम चालतंच. लगेच ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ असा सल्ला मिळतो, ऐकू नका. पंचाण्णवच्या आसपास तो पूर्ण उघडलेला असतो, मग त्याची अडचण उरत नाही. शंका असेल तर पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर लावून बघा. बसवताना त्यातली छोटी पिन वरच्या बाजूला, म्हणजे हवा अडकत नाही. पाणी भरताना गाडीचं नाक चढावर, हीटर फुल, कॅप उघडी. वरचा होज गरम लागेपर्यंत आयडलला चालवायची.

उभ्यानं तापत असेल तर हवेचा दोष, पळताना तापत असेल तर पाण्याचा. पळतानाच काटा चढला तर आधी खालचा होज दाबून पाहा. आत स्प्रिंग नसेल तर पंपाच्या ओढीनं तो चपटा होतो. इग्निशन टायमिंग मागे असेल किंवा कार्ब्युरेटर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल, तर कुठलाही रेडिएटर पुरत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवेढा रोडला ज्वारीचा भुसा आणि कडब्याच्या ट्रॉल्यांमागचा कचरा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत गच्च बसतो. समोरून दिसत नाही, एसी मात्र आधी सांगतो. वरच्या दोन बोल्टांवर कंडेन्सर पुढे झुकवून मागून पुढे साध्या पाइपानं धुवा. प्रेशर वॉशर लावला तर फिन (जाळीतल्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात, आणि मग त्या चिमट्यानं एकेक सरळ करत बसावं लागतं.