दहावीची व्हेकेशन बॅच : सहा आठवड्यांचे 9,440 रुपये

माझ्या मुलीची नववीची वार्षिक परीक्षा एप्रिल 2024मध्ये संपली आणि त्याच आठवड्यात आम्ही तिला सांगलीतील घराजवळच्या एका क्लासच्या दहावीच्या व्हेकेशन बॅचमध्ये घातले. सहा आठवडे, रोज सकाळी साडेसात ते साडेदहा, गणित, विज्ञान आणि मराठी असे तीन विषय. फी 8,000 रुपये आणि वर वस्तू व सेवा कर. पुढे फेब्रुवारी-मार्च 2025मध्ये तिने बोर्डाची परीक्षा दिली. त्यामुळे त्या सहा आठवड्यांतले काय टिकले आणि काय वाया गेले, हे आता निवांतपणे सांगता येते.

गणिताबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सरांनी पहिले तीन दिवस दहावीचे पुस्तक उघडूच दिले नाही; नववीच्याच अभ्यासक्रमावर एक पेपर घेतला आणि कोण कुठे अडते ते पाहिले. हे मला फार शहाणपणाचे वाटले, कारण वर्गसमीकरणे जड जातात ती बहुतेक वेळा नववीत बहुपदींचे अवयव नीट पाडता आले नाहीत म्हणून, आणि समरूपतेत मुले अडखळतात ती समांतर रेषा व गुणोत्तरे कच्ची राहिली म्हणून. आमची कन्याही अवयवांपाशीच अडकलेली निघाली. त्यानंतर बीजगणिताची पहिली दोन प्रकरणे, भूमितीतील समरूपता व पायथागोरसचे प्रमेय आणि समरूप त्रिकोणांच्या रचना, एवढेच सरांनी घेतले. पण प्रत्येक सरावसंच आणि प्रकरणाअखेरचा संकीर्ण प्रश्नसंग्रह वहीत पूर्ण करवून घेतला. रचनेतील कंस पुसून आकृती ‘स्वच्छ’ करण्याची मुलीची जुनी खोड होती. ते कंस हाच रचनेचा पुरावा असतो, हे सरांनी तिची आकृती फळ्याजवळ धरून सगळ्या वर्गाला दाखवले. ती दोन दिवस रुसली, पण त्यानंतर तिने एकही कंस पुसला नाही.

बोर्डाच्या गणिताच्या चाळीस गुणांच्या पेपरात सात गुण चौकटी पूर्ण करण्याच्या, म्हणजे अर्धवट सोडवून दिलेल्या उदाहरणातील रिकाम्या जागा भरण्याच्या, कृतींना असतात. गणित येत असूनही हे गुण जातात, कारण चौकटीतली रीत आपल्या सवयीची नसते. हा सराव मे महिन्यातच सुरू झाल्याचा लाभ तिला शेवटपर्यंत मिळाला.

अर्थनियोजनाचे प्रकरण मात्र ‘सोपे आहे, नंतर बघू’ म्हणून मागे ठेवले गेले. गंमत म्हणजे त्याच प्रकरणातले उदाहरण क्लासच्या पावतीवर छापलेले होते : केंद्राचा कर 9 टक्के म्हणजे 720, राज्याचा तेवढाच, एकूण 9,440 रुपये. पुढे दिवाळीत मुलीने ते प्रकरण घरीच या पावतीवरून समजून घेतले.

विज्ञानाची कथा वेगळी आहे. पहिल्या भागातील दहापैकी सात प्रकरणे सहा आठवड्यांत ‘संपवली’, आणि तीही पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून छापील नोट्सवरून. भिंगांच्या गणितात वस्तूचे अंतर ऋण का घ्यायचे, हे न समजावता सूत्र आणि चिन्हे पाठ करायला लावली. सप्टेंबरच्या चाचणीत मुलीने सगळी अंतरे धन घेतली आणि उत्तर भलतेच आले. एकही प्रयोग न पाहता मे महिन्यात विद्युतधारेचे परिणाम शिकवण्यात काय हशील होते, ते मला अजून उमगलेले नाही. मराठीत तर तयार पत्रे आणि निबंधांचे झेरॉक्स वाटले गेले. कुमारभारतीच्या (दहावीच्या मराठीच्या) 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, 24 गुण पत्र, निबंध अशा उपयोजित लेखनाला आहेत आणि ते स्वतः लिहूनच येते. सहा आठवड्यांत मुलीने क्लासमध्ये एकच पत्र लिहिले, आणि ते तपासून परत मिळाले नाही.

दर शनिवारी दोन तासांचा, चाळीस गुणांचा पेपर होई. गणिताची उत्तरपत्रिका सोमवारी हातात पडे आणि लाल शाईत नेमके लिहिलेले असे : ‘कारण?’, ‘एकक?’, ‘सूत्र लिहिलेले नाही, अर्धा गुण वजा.’ बोर्डाच्या तयारीला लवकर लागण्याचा खरा उपयोग मला या कागदांवर दिसला. विज्ञानाच्या उत्तरपत्रिका जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एकत्र मिळाल्या आणि त्यांवर गुणांखेरीज काही नव्हते.

पालक सभेत संचालकांचा सगळा भर ‘डिसेंबरपूर्वी पोर्शन पूर्ण’ यावर होता. घाईचे कारण खोटे नव्हते. 2024मध्ये 1 मार्चला सुरू झालेली परीक्षा 2025मध्ये 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली. परंतु पूर्ण झालेल्या पोर्शनची उजळणी कधी आणि कोण घेणार, या माझ्या प्रश्नावर वेळापत्रक व्हॉट्सॲपवर पाठवू, एवढेच उत्तर मिळाले. ते वेळापत्रक आले नाही. वर्ग पत्र्याच्या छताखाली भरे, पंखे चार आणि मुले पन्नासच्या आसपास. दहानंतर तिथे बसणे कठीण होई. पिण्याच्या पाण्याची सोय चांगली होती.

धाकटा आता नववीत आहे. त्याला फक्त गणित आणि शनिवारचे पेपर एवढेच घेता येईल का, असे मी मागच्या आठवड्यात कार्यालयात विचारले. विषय सुटे मिळत नाहीत, असे सांगण्यात आले. पावती फाडणाऱ्या बाईंनी मात्र आवाज खाली आणून, ‘सरांना एकदा भेटून बघा,’ असे सुचवले. रविवारी जाणार आहे.