केस-बेस्ड लर्निंगचं ॲप: आठ-नऊ महिने वापरून झाल्यावर

परवा ऑटोपेचा मेसेज आला. वर्षाचे ३,६०० रुपये कापले जाणार म्हणे. कापायच्या आधी चोवीस तास कळवायचं हा रिझर्व्ह बँकेचा नियम, तेवढा तरी पाळला. आमच्या मेसमध्ये एवढ्या पैशांत महिनाभराहून जास्त जेवण होतं, त्यामुळे कापू द्यावेत का नाही याचा घोळ डोक्यात सुरू झाला आणि त्यातून हे लिहिणं. ॲपचं नाव घेत नाही. एमबीबीएसच्या फायनल इयरवाल्यांच्या मोबाइलमध्ये हे नाहीतर याचं एखादं भावंड असतंच. मोबाइलवर एक बनावट पेशंट, म्हणजे केस, येते: हिस्ट्रीचे प्रश्न निवडा, तपासण्या मागवा, डायग्नोसिस टाका, मग फीडबॅक. ते सगळं तुम्हाला माहीत आहे.

मला बोलायचंय हार्ट साउंड्सबद्दल, म्हणजे स्टेथोतून ऐकू येणाऱ्या हृदयाच्या आवाजांबद्दल. मायट्रल स्टेनोसिसची, म्हणजे हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाल्याची, केस घ्या. एपेक्सवर (हृदयाच्या टोकाशी) टॅप केलं की आवाज सुरू होतो. एस वन (ठोक्याचा पहिला आवाज) जोरात, एस टू (दुसरा), ठीक. आणि मिड-डायस्टोलिक मर्मर, म्हणजे हृदय सैल पडून भरतं तेव्हाची घरघर? नाही. मोबाइल कानाला लावला, नाही. स्टँडसमोरच्या गाड्यावरून घेतलेले शंभरातले इअरफोन लावले, तरी नाही. एऑर्टिक स्टेनोसिसचा (दुसरी एक झडप अरुंद झाल्याचा) खरखरीत मर्मर मात्र खणखणीत, म्हणजे फाइल बिघडलेली नाही. आणि दरवेळी खाली लाल अक्षरांत यायचं की तुमचं ऑस्कल्टेशन (स्टेथोने ऐकणं) कच्चं आहे. अहो, वाजवा तरी आधी!

कस्टमर केअरला लिहिलं. पहिलं उत्तर, कॅशे क्लिअर करा. दुसरं, ॲप काढून परत टाका. परत टाकलं तर ऑफलाइन घेतलेल्या सगळ्या केसेस उडाल्या. हॉस्टेलच्या वायफायवर त्या पुन्हा उतरवायच्या म्हणजे रात्री दीडला उठून बसायचं. तिसऱ्या मेलला उत्तरच नाही, थेट ‘तुमची अडचण दूर झाली असं समजून तिकीट बंद करत आहोत’. याच रागात एक स्टार देऊन मोकळी झाले होते.

दिवाळीनंतर रूममेटने भावाचे जुने मोठे हेडफोन आणले, वायरवाले, कान पूर्ण झाकणारे. सहज म्हणून तीच केस लावली. आणि आली की घरघर! ओपनिंग स्नॅप (झडप उघडतानाचा टक् आवाज), त्याच्या मागोमाग खोल घरघर, शेवटी किंचित चढणारी. कारण साधं आहे. हा मर्मर अगदी खालच्या पट्टीतला. मोबाइलचा चिमुकला स्पीकर ती पट्टी वाजवतच नाही, स्वस्तातले इअरफोनही तसलेच. स्टेथोची बेल (वाटीसारखी बाजू) हलकी टेकवून ऐकायचं आम्हाला पहिल्यापासून शिकवतात ते याच्याचसाठी. हे ॲप बनवणाऱ्यांना माहीत नसेल? त्यांच्याकडे कार्डिओलॉजिस्टची भलीमोठी यादी आहे. केस उघडताना ‘चांगले हेडफोन लावा’ एवढी एक ओळ टाकायला काय जात होतं? ३,६०० रुपयांत ती बसत नव्हती?

तर राग तसाच आहे, पण स्टार वाढवलेत. कारण पुढे असं झालं की गायनिकच्या पोस्टिंगला एएनसी (गरोदर बायकांच्या) वॉर्डात सातव्या महिन्याची एक पेशंट होती. धाप लागते, रात्री आडवं होता येत नाही. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडीही वाढते, मग डायस्टोलचा, म्हणजे हृदय भरायचा, वेळ कमी पडतो आणि तोवर गप्प बसलेली अरुंद झडप बोलायला लागते. पुस्तकात हे दोन ओळींत आहे. रेसिडेंट मॅडमनी तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि आमची रांग लागली. बॅच केवढी मोठी! चौथी-पाचवी मुलगी वाकली तेव्हा पेशंटची सासू म्हणाली, “माय, किती जणी तपासता गं? लेकरू थकलं माझं.” बरोबरच होतं. पुढच्यांना मॅडमनी थांबवलं. मला जेमतेम सात-आठ ठोके मिळाले असतील. पण घरघर आली आणि ओळखूही आली, कारण ती आधी कानात बसलेली होती. वॉर्डात कुणाच्या छातीवर अर्धा तास स्टेथो ठेवून बसता येत नाही, ठेवूही नये. ॲपमध्ये तोच ठोका रात्रभर ऐका, कुणी थकत नाही. माझे पैसे तिथे वसूल झाले.

बाकी बाबतीत आमच्या बॅचमध्ये एकमत नाही. गंगाखेडचा एक मित्र म्हणतो, पीजी एंट्रन्ससाठी याच्यासारखं काही नाही, केस टप्प्याटप्प्याने उघडत गेली की डिफरेन्शियल (कोणकोणते आजार असू शकतात त्याची यादी) आपोआप लिहायची सवय लागते. दुसरी एक, जी सकाळी नऊला वॉर्डात शिरते ती जेवायलाच बाहेर पडते, तिला हे सगळं सोंग वाटतं. तिचं म्हणणं, ॲपमधला पेशंट विचारल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. आपल्याकडे ‘त्रास कधीपासून?’ विचारलं तर ‘पोळ्याच्या आधीपासून’, मग पाऊस कधी पडला, सोयाबीन कसं गेलं, जावयाने आधी कुठल्या दवाखान्यात नेलं, आणि त्या सगळ्यातून ताप शोधायचा. मला तिचं पटतं. पण तिलाही मर्मर ऐकू आला नव्हता हे इथे नोंदवून ठेवते.

केसेसची निवड तर विचारू नका. विषबाधेत पॅरासिटामॉल भरपूर. आमच्या कॅज्युअल्टीत येतं ते फवारणीचं औषध: बारीक झालेल्या बाहुल्या, तोंडाला फेस, लसणासारखा वास, आणि मग उतारा म्हणून ॲट्रोपिन चढवत बसायचं. सर्पदंशाची एकुलती एक केस ऑस्ट्रेलियातली, तिथे विष ओळखायचं किट मागवा म्हणतात. इथे काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरपं करून पाहायचं, गोठलं का नाही. नळी साबणाने धुतलेली असेल तर उत्तर चुकतं. मण्यार चावलेल्याला तर ही टेस्ट नॉर्मलच यायची. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो, चावल्याची खूण दिसेलच असं नाही, आणि पापण्या जड व्हायला लागलेल्या. अशी केस ॲपमध्ये टाका की! नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच एएसव्ही (सर्पविषावरचा उतारा) चालतं, हेही त्यांच्या फीडबॅकमध्ये नाही.

एमआरआयचं बटण दाबलं की दोन सेकंदांत रिपोर्ट येतो, यावर स्वतंत्र लिहावं लागेल. आज नको.

एक बरं झालं. आमच्या युनिटच्या सरांनी दुपारच्या सेमिनारला यातली एक केस प्रोजेक्टरवर लावली आणि प्रत्येक टप्प्याला थांबवून विचारलं, आता काय मागवाल, आणि ते कशासाठी? भांडणं झाली, लाइट गेली तरी चालू राहिली. रात्री एकटीने बटणं दाबताना तो ‘कशासाठी’ कोणी विचारत नाही. २०१९ पासून सीबीएमई (कौशल्यांवर भर देणारा एमबीबीएसचा अभ्यासक्रम) आलं, लॉगबुकं भरून घेतात, पण अशी दुपार क्वचित मिळते.

ऑटोपे बंद केलंय. मेडिसिनची टर्म असेल तेवढे महिने मासिक प्लॅन घेणार, महाग पडतो पण वर्षाचं तरी नाही. रूममेटच्या भावाने हेडफोन परत मागितलेत, तेव्हा कुणाकडे जुने, कान झाकणारे, वायरवाले असतील तर सांगा. ब्लूटूथ नको, चार्जिंगची भानगड नको.