हातात घालायच्या बाहुल्यांचा संच: वाघ घ्या, कार्डं राहू द्या

कोरोनाची पहिली लाट ओसरल्यावर तालुक्याला बचत गटांचं छोटं प्रदर्शन भरलं होतं, तिथून हा संच घेतला. किंमत 450 रुपये. आत हात घालून नाचवायच्या पाच कापडी बाहुल्या: वाघ, माकड, कोंबडी, लुगडं नेसलेली आजी आणि दोन वेण्यांची पोरगी. सोबत भावनांच्या चेहऱ्यांची आठ कार्डं आणि एक पातळ पुस्तिका. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. 2021 मध्ये अंगणवाडी बंद असताना हे सगळं फोनवरून वापरलं. बाहुल्या अजूनही माझ्या पिशवीत असतात, म्हणून लिहिते आहे.

आधी वस्तूबद्दल. कापड सुती, शिवण दुहेरी, ओढाताण सहन करते. वाघाचा पिवळा रंग पहिल्याच धुण्यात सुटला आणि आजीच्या लुगड्याला लागला, तेव्हा वेगळं धुवा. खरी खोट डोळ्यांची. डोळे म्हणून शर्टाची बटणं लावली आहेत. तीन वर्षांखालचं लेकरू बटण तोंडात घालणारच, आणि घशात अडकलं तर श्वास कोंडतो. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची झाली, पण नोंदणी असलेल्या कारागिरांच्या हस्तकलेच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणजे अशा प्रदर्शनातली वस्तू आपणच ओढून, चाचपून पाहायची. मी बटणं कापली आणि काळ्या दोऱ्याने डोळे भरले. गटातल्या ताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बटणाशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही वं बाई."

आता फोनचं. त्या दिवसांत घरपोच आहाराची पाकिटं वाटायला जायचे, तेवढीच मुलांची भेट. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. घरात फोन एकच, तोही बापाचा, सकाळी बापासोबत वावरात जाणारा. केंद्र सरकारच्या जुलै 2020 च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेत शाळेआधीच्या वयासाठी, तेही पालकांशी बोलायला, दिवसाला जास्तीत जास्त अर्धा तास सांगितला होता. आमच्याकडे सलग अर्धा तास रेंज टिकली तर सणच. म्हणून मी दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचे आणि रात्री जेवणं झाल्यावर पाठवायचे, तेव्हा फोन घरी असतो. उत्तर व्हॉइस नोटने मागायचे, ती लवकर जाते.

बाहुलीच का, असं माझ्या मदतनीस ताईंनीही विचारलं होतं. चार वर्षांच्या पोराला फोनवर "कसा आहेस रे?" म्हटलं की तो "बरा" म्हणतो आणि फोन आईकडे देतो. माकडाने विचारलं तर गोष्ट वेगळी. एका व्हिडिओत माकडाच्या बहिणीने त्याचा पेरू खाल्ला आणि त्याने रागाने फांदी मोडली, एवढंच दाखवलं आणि तिथेच थांबले. रात्रीतून सल्ले सुरू झाले. "त्याले म्हना मारू नको, मंग माय मारते." एकाने सांगितलं, त्याच्या घरी राग आला की आबा गोठ्यात जाऊन बसतात. मोठ्या माणसाने विचारून हे कधी कळलं नसतं. या वयाचं मूल एकट्याने शांत होत नाही, शेजारी शांत बसलेलं मोठं माणूस लागतं. म्हणून पुढच्या व्हिडिओत माकडाला गरम भाकरीवर फुंकर मारायला लावलं, हळू आणि लांब, आणि आयांना म्हटलं की लेकरू चिडलं तर त्याच्यासोबत तुम्हीही फुंका. "शांत हो" असं ओरडून कोणी शांत झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

संचातली सगळ्यात उपयोगी बाहुली वाघाची. बनवणाऱ्यांनी त्याला हसरं तोंड दिलंय, शहरात ते गोड वाटत असेल. आमचा भाग वेगळा आहे. शेजारच्या तालुक्यात टिपेश्वर अभयारण्य, आणि आमच्याच तालुक्यात बोराटीजवळ 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री टी-1 वाघिणीला गोळी घातली, शहरातल्या लोकांची अवनी ती. 13 माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. माझ्या अंगणवाडीतली पोरं तेव्हा मांडीवरची, पण घराघरांत ती गोष्ट अजून सांगितली जाते. भीती त्यांना वारशानेच मिळालीय. त्यात कोरोनाची भर, आणि मोठी माणसं दोन्हींबद्दल एकाच दबक्या आवाजात बोलायची. म्हणून पहिल्या व्हिडिओत वाघच म्हणाला, "मले अंधाराची भीती वाटते." एक पोरगी खिदळली आणि मग म्हणाली, "मले बी वाटते, पण मी सांगत नाई." तिची आई मागून हसत होती.

त्या वर्षी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, 7 सप्टेंबरला आला. गर्दी करायची नव्हती, म्हणून पोरांनी आपापल्या दारात लाकडी नंदी सजवले आणि फोटो पाठवले. मी म्हटलं, वाघ नंदी पाहायला येणार आहे. एकाची लगेच रडवेली नोट आली, "तो माह्या नंदीले खाईन ना वं ताई!" आता काय करावं? मी इतर पोरांना विचारलं. ठरलं असं की वाघाने लांब बसायचं आणि आधी बोजारा, म्हणजे नंदी पाहून पोरांना देतात ते पैसे, द्यायचा. वाघाने पाच रुपयांचं नाणं दाखवलं, मग नंदीवाल्याने परवानगी दिली. दुसऱ्याची भीती ऐकायची, तिच्यातून वाट काढायची आणि सगळ्यांना पटवायची, हे काम त्यांनी केलं. मी नुसता हात हलवत होते.

कोंबडीकडून मला फार अपेक्षा नव्हती. पण घरी खुडूक कोंबडी बसलेली असतेच आणि पिल्लं निघायला 21 दिवस लागतात हे पोरांना माहीत असतं. बाहुलीखाली कापसाची अंडी ठेवली आणि रोज रात्री एक काडी मोडायला सांगितली. वाट पाहणं इतकं सोपं करणारी दुसरी युक्ती मला सापडली नाही. दोन वेण्यांची पोरगी मात्र पडूनच राहिली. गोरीपान, गुलाबी गालांची. तिला कोणी आपली मानली नाही.

आजीबद्दल जपून सांगते. दुसऱ्या लाटेत गावात माणसं गेली. एका मुलीची नोट आली, आजीच्या बाहुलीला विचारलेली: "आजी, तू दवाखान्यात गेल्ती का?" अशा वेळी बाहुलीच्या तोंडून उत्तर देऊ नका. मी बाहुली खाली ठेवली, तिच्या आईला फोन केला, दोघींनी मिळून तिला साध्या शब्दांत सांगितलं की तुझी आजी मेली, ती आता परत येणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही. "झोपली" किंवा "गावाला गेली" असं म्हटलं की लेकरू झोपायला घाबरतं नाहीतर वाट पाहत बसतं. पुढे बरेच दिवस ती त्या बाहुलीला घरचं सांगत राहिली, ते मी थांबवलं नाही. मूल खाणं-बोलणं सोडत असेल तर मात्र बाहुली पुरत नाही, डॉक्टरांना दाखवा. आता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे, आईबापांनाही त्यावर बोलता येतं.

कार्डं आणि पुस्तिका यांवर माझे पैसे वाया गेले असंच म्हणेन. कार्डांवर टाय लावलेला मुलगा आठ प्रकारे तोंड करतो. फोनच्या पडद्यावर त्यातले पाच चेहरे सारखेच दिसतात. आनंद आहे, आश्चर्य आहे, पण रुसणं नाही, जे ही पोरं दिवसातून चारदा करतात. पुस्तिका सांगते, मुलाला रोज विचारा, आज तुला कसं वाटतंय? विचारून पाहा, रोज "चांगलं" ऐकाल.

संच अख्खा घेऊ नका. गटवाल्या ताई सुट्या बाहुल्या नाही म्हणतात, पण प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी देतात. वाघ 100 ला मिळाला माझ्या बहिणीला. वाघ, आजी आणि माकड एवढं पुरे. तोंड उघडत नाही, त्यामुळे व्हिडिओत बाहुली बोलते आहे हे कळायला मान हलवावी लागते, आणि मागे भिंत साधी हवी. आमच्या कार्यालयात बिल दिलं होतं, ते काही मंजूर झालं नाही, तेव्हा पदरचे पैसे धरूनच जा. आत हात घालायची जागा मोठ्यांच्या मापाची आहे. पोरांच्या हातात ढिली होते, मनगटाशी रबर लावा.